नाव विकायच्या आधी तोंड उघडून दाखवा



या पेजवर आपण जाळ्यांचे भाव टाकतो, मत्स्यबीज कधी येणार ते टाकतो, मीटिंगची तारीख टाकतो. आज जरा वेगळं लिहितोय. लांब झालंय, पण नाव बांधून, जेवण करून निवांत वाचा. घरच्या बायांना पण वाचून दाखवा, कारण अर्धी गोष्ट त्यांचीच आहे.

मागच्या उन्हाळ्यात आपल्या घाटावरची एक नाव विकली गेली. कोणाची ते लिहीत नाही. घाटावरच्यांना माहीत आहे, बाकीच्यांना सांगायची गरज नाही. त्या भावाला विचारूनच लिहितोय. तो म्हणाला, "लिही, पण नाव टाकू नको. आन् पैशाचं खरं खरं लिही."

तर पैशाचं खरं खरं ऐका.

त्याच्या गालाच्या आत पांढरा चट्टा आला. तिखट खाल्लं की आग व्हायची. पहिले दोन महिने मेडिकलवरून जेल आणून लावलं. मग कोणी तरी सांगितलं म्हणून नदीपलीकडे एका जडीबुटीवाल्याकडे गेला. दर आठवड्याला पुडी, दर पुडीचे पैसे, वर गाडीभाडं, आणि त्या दिवसाची मासेमारी बुडाली ते वेगळं. मग दाढ हलायला लागली म्हणून दाढ काढली. ती जखम भरेचना. मग एका शहरात जाऊन खाजगीत फोटो, स्कॅन, पुन्हा फोटो. असे आठ महिने गेले. नाव विकली ती या आठ महिन्यांत.

त्यानंतर कोणी तरी शहाण्या माणसाने विचारलं, "आरोग्यश्रीचं कार्ड आहे ना तुझ्याकडे?" कार्ड होतं. हैदराबादच्या सरकारी कॅन्सर दवाखान्यात गेला. ऑपरेशन झालं, नंतर शेक दिले. ऑपरेशनचं आणि शेकाचं बिल त्याला भरावं लागलं नाही. जाण्या-येण्याचा, खाण्याचा खर्च झाला, तो पाहुण्यांनी उचलला.

म्हणजे बघा मंडळी, नाव उपचारात गेली नाही. उपचार सुरू व्हायच्या आधीच गेली. आणि आठ महिन्यांत चट्ट्याची गाठ झाली, म्हणून अर्धा जबडा पण गेला. माणूस आहे, ही गंगामायची कृपा. पण मरळीच्या रस्स्यावर जीव असलेला माणूस आता पातळ वरण-भात खातो.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. आपल्यासारख्या माणसाला परवडणारा कॅन्सरचा उपचार म्हणजे लवकर सापडलेल्या कॅन्सरचा उपचार. बाकी सगळं महाग. आणि लवकर सापडवण्याचं काम एकट्या माणसाच्याने होत नाही, ते सोसायटीने हातात घ्यायला पाहिजे. हे माझं मत आहे. का, ते सांगतो.

आधी खर्र्याचं बोलू

रागावू नका. मी स्वतः एकोणीस वर्षं खर्रा खाल्लाय. आपण का खातो ते मला माहीत आहे. रात्रभर पाण्यावर बसायचं, थंडीत झोप येते, भूक लागते, जाळं ओढेपर्यंत काही करायला नसतं. खर्रा तोंडात असला की झोप पण जाते आणि भूक पण मरते. सकाळी मासळी तोलताना व्यापारी देतो, मीटिंगमध्ये सोसायटीच्या पैशाने येतो, मयताला येतो, लग्नाला येतो. पैनगंगेच्या या काठाला आदिलाबाद आणि त्या काठाला यवतमाळ, चंद्रपूर. नदीच्या दोन्ही बाजूला सरकारं वेगळी, भाषा थोडी वेगळी, खर्रा तोच.

खर्र्यात काय असतं? सुपारी, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या पन्नीवर घोटलेला. आपण म्हणतो तंबाखू वाईट, म्हणून काही जण नुसती सुपारी खातात आणि समजतात की सुटलो. ते खरं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी संस्था आहे, तिने २००४ सालीच जाहीर केलं की नुसती सुपारीसुद्धा माणसाला कॅन्सर करते. सुपारीमुळे गालाच्या आतलं कातडं आखडतं, कडक होतं. मग तोंड हळूहळू उघडेनासं होतं.

आत्ता हे वाचता वाचता एक करा. उजव्या हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि तोंडात घालून बघा. सहज जात असतील तर बरं आहे. जात नसतील तर ते दुखणं सुरू झालंय असं समजा आणि दाखवून या. दुखत नाही म्हणून थांबू नका. हे सुरुवातीला दुखत नाही, हाच तर घोटाळा आहे.

बाकी खुणा अशा:

– तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, जो घासून जात नाही
– दोन आठवड्यांत न भरलेला फोड किंवा जखम
– तिखट खाल्लं की होणारी आग
– कारण नसताना हलणारी दाढ
– मानेत गाठ, गिळायला त्रास, बसलेला आवाज

यातलं एखादं असलं म्हणजे कॅन्सरच झाला असं नाही. बहुतेक वेळा दुसरं काही निघतं. पण ते डॉक्टरने ठरवायचं, मेडिकलवाल्याने नाही आणि पुडीवाल्याने तर नाहीच.

पैशाचा हिशोब पण करून बघा. दिवसाला तीन खर्रे, एकाचे वीस रुपये धरले, तर वर्षाचे २१,९०० रुपये होतात. जाळ्यासाठी कर्ज मागायला आपण सावकाराकडे जातो आणि जाळ्याचे पैसे तोंडात घोळवून थुंकतो. मी सोडलं तेव्हा पहिले दहा-बारा दिवस वाईट गेले. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची. भाजलेले चणे आणि बडीशेप खिशात ठेवली, खर्रा खाणाऱ्याच्या नावेत बसायचं टाळलं. महिन्याभराने सुटलं. एकट्याने जमत नसेल तर सरकारचा फुकट नंबर आहे, १८००-११-२३५६. हिंदीत बोलता येतं. ते ओरडत नाहीत, कसं सोडायचं ते सांगतात.

तपासणी स्वस्त आहे आणि ती कामाला येते

काही जण म्हणतात, कॅन्सरची तपासणी म्हणजे मोठ्या मशिनी, मोठे पैसे. तोंडाच्या कॅन्सरला तसं नाही. तोंड उघडायचं, जाणत्या माणसाने उजेडात नीट बघायचं. एवढंच.

हे मी मनाने सांगत नाही. केरळात तिरुवनंतपुरमकडे १९९६ पासून सुमारे १ लाख ९० हजार लोकांवर याचा अभ्यास झाला. काही गावांत शिकवून तयार केलेले कार्यकर्ते घरोघर जाऊन लोकांची तोंडं बघायचे, काही गावांत नाही. २००५ साली निकाल आला. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये, जिथे तोंडं तपासली तिथे तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्के कमी झाले. कुठलंही मोठं मशीन नाही.

आता बायांचं. आपल्या बाया पहाटे टोपलं घेऊन बाजारात जातात, दिवसभर बसतात, संध्याकाळी घरचं बघतात. अंगावरचं दुखणं त्या सांगत नाहीत. पांढरं जातं, मधेच रक्त जातं, पाळी बंद झाल्यावर परत रक्त दिसतं, हे कोणाला सांगायचं? नवऱ्याला सांगायची लाज आणि दवाखान्यात पुरुष डॉक्टर. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर असाच लपून वाढतो. आणि दातांना मिसरी, गुल लावणाऱ्या बायांना तोंडाचा धोका आहे तो वेगळाच. मिसरी म्हणजे पण तंबाखूच.

इथे दोन अभ्यास सांगतो, दोन्ही आपल्या मराठी मुलखातले.

एक मुंबईचा. टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायांवर काम केलं. तपासायला डॉक्टर नव्हते. दहावीपर्यंत शिकलेल्या, त्या कामासाठी तयार केलेल्या बाया होत्या. तपासायला काय, तर पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड, म्हणजे आपल्या व्हिनेगरसारखं. ते गर्भपिशवीच्या तोंडाला लावायचं. जिथे बिघाड असेल तिथे पांढरं दिसतं. दर दोन वर्षांनी असं केलं. २०१३ साली निकाल सांगितला, गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्के कमी.

दुसरा बार्शीचा. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे. तिथल्या लोकांनी शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, खेड्यापाड्यांतल्या १ लाख ३१ हजार बायांना घेऊन अभ्यास केला. वय ३० ते ५९. त्यात एचपीव्ही नावाच्या विषाणूची तपासणी होती, कारण हा कॅन्सर जवळपास नेहमी त्या विषाणूमुळेच होतो. २००९ साली निकाल आला. आयुष्यात एकदा ही तपासणी केली, तरी त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले. फक्त एकदा! शेतमजूर बाया होत्या त्या, आपल्यासारख्याच.

छातीच्या गाठीचं पण टाटाने याच मुंबईच्या बायांमध्ये बघितलं. शिकवलेल्या बायांनी दर दोन वर्षांनी हाताने छाती तपासायची, मशीन नाही. वीस वर्षांनी, २०२१ साली, जे छापून आलं त्यात ५० च्या वरच्या बायांमध्ये मृत्यू सुमारे ३० टक्के कमी निघाले. ५० च्या खाली तेवढा फरक दिसला नाही, हे पण सांगितलं पाहिजे. पण गाठ, कातडीला खळी, बोंडीतून रक्त दिसलं तर वय न बघता दाखवायचं.

मग आपल्याकडे हे कुठे होतं? २०१६ पासून सरकारचं धोरणच आहे की तीसच्या पुढच्या सगळ्यांची तोंड, छाती आणि गर्भपिशवीचं तोंड, अशी तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हावी. तेलंगणात ८ मार्च २०२३ ला 'आरोग्य महिला' नावाचे बायांचे दवाखाने सुरू झाले, दर मंगळवारी. तुमच्या पीएचसीत कोणता दिवस आहे ते आशाताईला विचारून घ्या. पण खरं सांगा, आपल्या घाटावरच्या किती बाया तिथे गेल्या? मंगळवार येतो आणि जातो. कागदावर सोय आहे, आपण तिथे पोचत नाही.

मुलींसाठी लस पण आहे. ९ ते १४ वर्षांच्या वयात दिली तर चांगला उपयोग. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ च्या सुरुवातीला देशी लस बाजारात आणली. बाहेर ती महाग पडते, म्हणून आधी पीएचसीत आणि शाळेत विचारा, सरकारी मिळते का. लस घेतली तरी पुढे तपासणी सोडायची नाही.

सापडला तर काय करायचं

पहिली गोष्ट, तुकडा काढून तपासायला घाबरू नका. आपल्याकडे पक्कं बसलंय की "लोखंड लागलं की पसरतो". त्या भावानेही यामुळेच तीन महिने घालवले. तुकड्याची तपासणी, म्हणजे बायोप्सी, केल्याशिवाय कॅन्सर आहे का, कुठला आहे, हे कळतच नाही. कळल्याशिवाय उपचार ठरत नाही. लोक तुकडा काढल्यावर मेले असं वाटतं, कारण बहुतेक जण तिथे पोचतात तेव्हाच उशीर झालेला असतो.

दुसरी, जायचं कुठे. आधी आदिलाबादचं रिम्स. कान-नाक-घशाचा विभाग आहे तिथे. तिथून पुढे पाठवलं तर हैदराबादला रेड हिल्सचं एमएनजे कॅन्सर हॉस्पिटल, सरकारी आहे, १९५५ पासूनचं. आरोग्यश्रीत कॅन्सरचं ऑपरेशन, किमो, शेक येतात. डिसेंबर २०२३ पासून मर्यादा ५ लाखांवरून १० लाख झाली आहे. रेशनकार्ड, आधार, जुने सगळे कागद एका पिशवीत ठेवा आणि दवाखान्यात गेल्यावर पैसे भरायच्या आधी आरोग्यमित्राच्या टेबलावर जा. हा क्रम विसरू नका. आधी पैसे भरले आणि नंतर कार्ड दाखवलं तर भांडत बसावं लागतं.

बरेच जण नागपूरला जातात. हैदराबाद तीनशे किलोमीटर, नागपूर दोनशेच्या आसपास, भाषा आपली, पाहुणे तिकडे. जा, पण आधी विचारा. तेलंगणाचं कार्ड महाराष्ट्रात चालेलच असं नाही, आणि नदीपलीकडच्या आपल्या सोयऱ्यांचं फुले योजनेचं कार्ड इकडे चालेलच असं नाही. जवळ पडतं म्हणून गेलो आणि सगळं खिशातून भरलं, असं होऊ देऊ नका.

मुंबईच्या टाटाला जावं लागलं तर नंदीग्राम एक्सप्रेस आहेच. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचाराला जाताना स्लीपर आणि थ्री एसीमध्ये तिकीट पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट. त्यासाठी दवाखान्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो, तो मागून घ्या. हैदराबादला कृष्णा एक्सप्रेसने गेलं तरी हेच लागू. मुंबईत राहायला दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, टाटाचे कितीतरी पेशंट तिथे राहतात. हॉटेल बघत फिरू नका.

तिसरी गोष्ट, स्वस्त उपचार म्हणजे हलका उपचार, हे डोक्यातून काढा. टाटाच्याच डॉक्टरांनी हे करून दाखवलंय. छातीच्या कॅन्सरच्या ऑपरेशनच्या आधी गाठीच्या भोवती बधिर करायचं साधं औषध टोचलं. दाढ काढताना टोचतात ना, तसलंच. खर्च शंभर रुपयांच्या आत. अकरा दवाखान्यांतल्या सुमारे १,६०० बायांवर बघितलं. पाच वर्षांनी जिवंत असलेल्या बाया टोचलं नाही त्या गटात ८६.४ टक्के, टोचलं त्या गटात ९०.१ टक्के. शंभर बायांमागे जवळपास चार जास्त वाचल्या.

तोंड-घशाचा कॅन्सर फार पुढे गेलेल्या लोकांसाठी एक नवं इंजेक्शन आहे, फार महाग, गरीब माणूस नावही घेणार नाही. टाटाने ते नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी देऊन बघितलं, इतर स्वस्त गोळ्यांच्या जोडीला. २०२२ साली निकाल आला. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगलेले १६ टक्के होते, या थोड्या इंजेक्शनमुळे ते ४३ टक्के झाले. हे सगळ्यांना लागू होतं असं नाही, आणि मनाने मागायचं औषध पण नाही. पण डॉक्टरसमोर बसल्यावर एक प्रश्न विचारायचा आपल्याला हक्क आहे: "साहेब, इतकाच उपयोग होईल असा कमी खर्चाचा काही मार्ग आहे का?" चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही.

आणि कधी कधी बरं होणार नाही हे कळतं. तेव्हाही "घरी घेऊन जा" म्हणजे तडफडत ठेवा असा अर्थ नाही. दुखणं थांबवायला मॉर्फिनच्या गोळ्या असतात, स्वस्त असतात, डॉक्टरच्या चिठ्ठीवर ठरलेल्या ठिकाणी मिळतात. तेलंगणात अशा पेशंटसाठी सरकारी पॅलिएटिव्ह केअर केंद्रं आहेत. आपल्याला जवळचं कोणतं, ते रिम्समध्ये विचारा. शेवटचे दिवस शांत जावेत, हा पण उपचारच आहे. त्यासाठी जमीन-नाव विकून मोठ्या शहरातल्या आयसीयूत ठेवायची गरज नाही. मला हे लिहिताना जड जातंय, पण कोणी तरी बोललं पाहिजे.

"हे आपल्याला नाही जमत"

मागच्या मीटिंगला मी हा विषय काढला तेव्हा तीन उत्तरं मिळाली.

एक म्हणाला, "आमच्या आज्याने नव्वद वर्षं तंबाखू खाल्ली, काई झालं नाई." बरोबर आहे, काहींना होत नाही. भोवऱ्यातून पण काही नावा निघून येतात. म्हणून आपण भोवऱ्यात नाव घालतो का?

दुसरा म्हणाला, "विमा आहे ना आपला." मंडळी, नीट ऐका. मच्छीमारांचा जो सामूहिक विमा आहे तो अपघाताचा आहे. बुडून गेला, वीज पडली, हातपाय गेला तर त्याचे पैसे मिळतात, मृत्यूला ५ लाख. कॅन्सरला त्यातून एक रुपया मिळत नाही. आजारासाठी आरोग्यश्रीच. त्यासाठी रेशनकार्डावर घरातल्या सगळ्यांची नावं बरोबर आहेत का ते आजच बघा. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर राहिलंय, म्हाताऱ्याचं नाव आधारवर वेगळं आहे, असं कितीतरी घरांत आहे. पेशंट खाटेवर असताना ते दुरुस्त करत फिरायची वेळ येऊ नये.

तिसरा काहीच बोलला नाही, खाली बघून बसला. नंतर बाहेर येऊन मला म्हणाला, "भाऊ, माझं तोंड दोन बोटंच उघडते. निघालं काई तर? म्हणून दाखवत नाई." खरी अडचण ही आहे. अक्कल सगळ्यांना आहे, भीती पण सगळ्यांना आहे. एकट्या माणसाला ती भीती ओलांडता येत नाही. पण पन्नास जण रांगेत उभे असले की एक्कावन्नावा येतो.

म्हणून सोसायटीने काय करावं

मी चार गोष्टी मांडतो. यावर पुढच्या मीटिंगला ठराव व्हावा असं माझं म्हणणं आहे.

१. वर्षातून एकदा, मत्स्यबीज सोडायच्या दिवशी, सगळे सभासद तळ्यावर येतातच. त्या दिवशी पीएचसीच्या डॉक्टरला किंवा दातांच्या डॉक्टरला बोलवायचं आणि सगळ्यांनी तोंड दाखवायचं. अध्यक्षांनी पहिलं. सोसायटीला खर्च चहाचा.

२. सोसायटीच्या पैशाने खर्रा, गुटखा बंद. मीटिंगला नाही, लिलावाला नाही, व्यापाऱ्याने दिला तरी नाही. ज्याला खायचाय तो स्वतःच्या पैशाने खाईल, पण सोसायटीने वाटायचा नाही. सोळा-सतरा वर्षांची पोरं पहिल्यांदा नावेवर येतात तेव्हा त्यांना पहिला खर्रा आपणच देतो, हे मान्य करा.

३. महिन्यातून एका मंगळवारी आपल्या बायांना एकत्र पीएचसीला न्यायचं. सोसायटीची गाडी नाही, पण मासळीचा टेम्पो आहे. तो धुवून त्या दिवशी वापरायचा. दहा बाया एकत्र गेल्या की लाज पण कमी होते आणि नर्सबाई पण नीट बघतात.

४. एक लहान फंड. उपचारासाठी नाही, तेवढे पैसे आपल्याकडे नाहीत आणि उपचाराला कार्ड आहे. फंड गाडीभाड्यासाठी, सोबत जाणाऱ्याच्या बुडालेल्या रोजासाठी. आपल्या लोकांचे उपचार मधेच सुटतात ते याच खर्चामुळे. शेक रोज घ्यावा लागतो, पाच-सहा आठवडे चालतो. दोन आठवड्यांनी पैसे संपले म्हणून माणूस परत येतो, आणि अर्धा उपचार वाया जातो. दर सभासदाने मासळीच्या हंगामात एका दिवसाच्या खर्र्याचे पैसे टाकले तरी सुरुवात होईल. आणि कागद समजणारा, हिंदी-तेलुगू बोलणारा एक पोरगा सोबतीला ठरवून ठेवायचा.

यात कुठलीच गोष्ट सरकारकडे मागायची नाही. सगळं आपल्या हातातलं आहे. जाळ्याला एक घर तुटलं तर आपण संध्याकाळी बसून ते विणतो, उद्यावर टाकत नाही. तुटलेल्या घरातून काय निघून जातं ते आपल्याला माहीत आहे. अंगाच्या बाबतीत मात्र आठ महिने बसतो.

ज्या भावाची नाव विकली गेली, तो आता दुसऱ्याच्या नावेवर अर्ध्या हिश्श्यावर जातो. परवा भेटला. बोलताना शब्द नीट येत नाहीत, पण समजतं. म्हणाला, पहिल्या महिन्यात दाखवलं असतं तर नाव पण राहिली असती आणि जबडा पण.

तो तिसरा भाऊ, दोन बोटंवाला, त्याला मी येत्या सोमवारी रिम्सला घेऊन जातोय. अजून कोणाला यायचं असेल तर सकाळी सातला घाटावर या, टेम्पोत जागा आहे.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर मीटिंगला येऊन तोंडावर सांगा.

राम राम.